ऑडिटबाई आणि बुरशी

१७ नोव्हेंबर, सोमवार. उठले ५.१०. दूध उतू गेलं नाही. ६.४० ची बस, खिडकीजवळ जागा. बटणचं तापमान ८ वाजता ९८.२, २ वाजता ९८.८. केस गळू लागले. उशीवर तेवीस मोजले, मग मोजणं सोडलं. वन्सं कुंडी घेऊन आल्या. कुंडी परत पाठवली, वन्संना बसवून घेतलं. मावशींनी ११.२० ला कॉरिडॉरमध्ये कोरडा झाडू मारला. खालच्या मजल्यावर भिंत फोडणं दिवसभर. बटणला तिच्या बाबाच्या सातव्या वर्षातली पंधरा पानं वाचून दाखवली. हसली.

असल्या नोंदी ठेवणाऱ्या बाईशी संसार करणं काही सोपं नव्हतं. तिच्या नवऱ्याने तो एकेचाळीस वर्षं केला, आणि बऱ्यापैकी हसतखेळत केला. घरी पाहुणे आले की ते सांगत, "देव वरून बघतो की नाही ते मला ठाऊक नाही. ही मात्र बघते, आणि लिहूनही ठेवते." नऊ वर्षांपूर्वी ते गेले, तेव्हा त्या दिवसाची नोंद अशी होती : "५.५५ ला गेले. दूध दोन लिटर जास्त सांगितलं, माणसं येतील." वन्संनी ती नोंद एकदा चुकून वाचली आणि वहिनींना काळीज नाही असं नातेवाइकांत जाहीर केलं. पेनाचा दाब त्या दिवशी पुढच्या तीन पानांवर उमटला होता, पण तेवढं बघायला पानं उलटावी लागतात, आणि वन्संना नेहमी पहिल्याच पानावर पुरेसा मजकूर मिळायचा.

सवय लावली ती शाळेने. शाळा नन्सची. रोज सकाळी नखं, रुमाल आणि बुटांचे तळवे तपासले जात, आणि झोपण्यापूर्वी आज आपण काय चुकलो ते एका छोट्या वहीत लिहायचं असा दंडक होता. नऊ वर्षांची असल्यापासून तिने तो पाळला. पुढे लग्न झालं, विमा कंपनीत नोकरी लागली, मुलगा झाला. वहीची डायरी झाली, आणि हळूहळू स्वतःच्या चुकांचा रकाना आकसत जाऊन इतरांच्या चुकांचा रुंद होत गेला. हे कधी घडलं याची मात्र कुठेही नोंद नाही.

नोकरीही स्वभावाला साजेशी मिळाली. लोकांनी भरलेले दाव्याचे अर्ज तपासायचे आणि त्यात काय राहिलंय ते शोधायचं. तीस वर्षं तिने हे केलं. सही आहे पण तारीख नाही, तारीख आहे पण पुरावा नाही : दावा परत. टेबलासमोर माणूस रडत असला तरी परत. "रडणं रकान्यात बसत नाही," असं ती म्हणे. हे निर्दयपणे नाही, माहिती म्हणून.

तर अशी ही बाई वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी मुलांच्या कॅन्सर वॉर्डात येऊन बसली आणि चार दिवसांत सगळ्या वॉर्डाने तिचं नाव ऑडिटबाई ठेवलं. तिला ते कळलं. तिने ते लिहून ठेवलं. मनातून तिला आवडलंही असावं.

वॉर्डात होती तिची नात. वय सात. घरात तिला बटण म्हणत, कारण दीड वर्षाची असताना तिने बाबाच्या शर्टाचं बटण गिळलं होतं. ते दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी बाहेर आलं, हे कुणाला माहीत होतं ते वेगळं सांगायला नको. ऑक्टोबरच्या शेवटी बटणला रक्ताचा कॅन्सर निघाला आणि केमो सुरू झाली. मोठ्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी समजावून सांगितलं होतं. औषध वाईट पेशी मारतं, पण त्यांच्याबरोबर चांगल्या पांढऱ्या पेशीही जातात. चोरांना हाकलायला बोलावलेल्या माणसाने रखवालदारालाही हाकलून द्यावं, तसं. मग दोनतीन आठवडे घर उघडं. एरवी आपल्याला शिंकही येणार नाही असला जंतू त्या दिवसांत मुलाचा जीव घेऊ शकतो.

"म्हणजे स्वच्छता," ऑडिटबाई म्हणाल्या.

"हो आजी, स्वच्छता," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आपण कुणाच्या हाती शस्त्र देतो आहोत याची त्यांना कल्पना नव्हती.

खोलीच्या दारावर यादी होती. फुलं नकोत, कुंड्या नकोत, सालीसकट फळं नकोत, केसाळ खेळणी नकोत, बाहेरच्या चपला नकोत, उघड्यावरचं खाणं नको, सर्दी झालेला माणूस तर मुळीच नको. ऑडिटबाईंनी ती उतरवून घेतली आणि खाली स्वतःच्या तीन ओळी जोडल्या : अत्तर नको, लोकरी स्वेटर नको, मोठ्याने रडणं नको. रात्री सून, शनिवार-रविवार मुलगा, आणि रोज आठ ते चार ऑडिटबाई, अशी पाळी लागली. आठ ते चार त्या खोलीत माशीची शिरण्याची टाप नव्हती.

वन्संची गोष्ट वर आलीच आहे. त्या कुंडी छातीशी धरून दारात उभ्या राहिल्या.

"वहिनी, बघा तरी, किती टवटवीत आहे! पोरीला हिरवं काही दिसलं म्हणजे बरं वाटेल."

"वन्सं, त्या मातीत काय काय असतं माहीत आहे?"

"काय असतं? माती असते!"

"बुरशी असते. यादीत वाचा, क्रमांक दोन."

"अगंबाई, आमच्या घरात चाळीस कुंड्या आहेत. आम्ही काय मेलो?"

"तुमच्या पांढऱ्या पेशी जागेवर आहेत म्हणून. बाकी कशाची खात्री मी देत नाही."

कुंडी शिपायाच्या हाती खाली गेली आणि तिथे स्वागतकक्षाच्या टेबलावर रुबाबात बसली. त्या स्वागतकक्षाचंच तर काम चाललं होतं. इस्पितळाला कुणा उदार गृहस्थांनी मोठी देणगी दिली होती, आणि त्यांच्या नावाची संगमरवरी पाटी आहे त्या भिंतीवर मावत नव्हती. पाटी लहान करणं शोभलं नसतं. म्हणून भिंत मोठी करायचं ठरलं. गेले तीन आठवडे वॉर्डाच्या बरोबर खाली छिन्नी-हातोडा चालू होता. धूळ वर येऊ नये म्हणून जिन्याला प्लास्टिकचा पडदा चिकटवला होता. तो सकाळी चिकटलेला असे आणि दुपारी लोंबत असे. पडद्यावर कागद होता : "धूळ टाळा. आपली मुलं, आपली जबाबदारी."

ती धूळ आवरायचं काम मावशींचं. मावशी म्हणजे वॉर्डाच्या सफाईच्या बाई. वय पन्नाशीचं, चाल बदकाची, जीभ कात्रीची. नियम असा, की या मजल्यावर कोरडा झाडू मारायचा नाही, धूळ उडते. फक्त ओलं पोतं फिरवायचं. मावशी तो पाळत. पण त्या सोमवारी जिन्यातून चुना-विटांचा जाड थर आत आला. त्यावर ओलं पोतं फिरवलं असतं तर लगदा झाला असता. म्हणून त्यांनी तो आधी हलक्या हाताने केरभरणीत ओढून घेतला.

"मावशी! कोरडा झाडू?"

"आजी, एवढ्या चुन्यावर पाणी टाकलं तर उद्या इथेच एक भिंत उभी राहील."

"नियम म्हणजे नियम. अकरा वीस झालेत. मी लिहून ठेवते."

"लिहा. माझं नाव नीट लिहा, माझ्या लग्नाच्या दाखल्यातपण चुकलंय." मग मावशी दारातून आत वाकल्या. त्यांनी नाक वर केलं. "पण आजी, एक विचारू? राग नका मानू. तुमच्या त्या पिशवीला कसला वास येतो हो? ओल्या घरासारखा?"

ऑडिटबाईंनी पिशवी पायाशी ओढून घेतली. त्या दिवशीच्या नोंदीत हे वाक्य नाही. ते वेगळ्या कागदावर टिपलं गेलं. मथळा "सफाई कर्मचाऱ्याचा उद्धटपणा".

पिशवीत डायऱ्या होत्या. सुयांनी आणि सलाईनने कंटाळलेल्या बटणने एकदा विचारलं होतं, "आजी, बाबा माझ्याएवढा होता तेव्हा काय करायचा?" दुसरी एखादी आजी असती तर तिने चार गोष्टी आठवून, चार रचून सांगितल्या असत्या. ऑडिटबाईंकडे पुरावा होता. घरच्या माळ्यावर, पाण्याच्या टाकीच्या खालच्या अंगाला, पत्र्याच्या ट्रंकेत चाळीसेक डायऱ्या रचलेल्या होत्या. टाकी गळते हे ठाऊक होतं. त्याची तारीखवार नोंदही होती. त्यांनी मुलाच्या सातव्या वर्षाच्या आसपासच्या सहा डायऱ्या काढल्या. पुठ्ठ्यांवर राखाडी डाग होते, ते कोरड्या फडक्याने पुसले, आणि खोलीत नेण्यापूर्वी दारावरची यादी पुन्हा तपासली. फुलं, कुंड्या, फळं, खेळणी, चपला. डायऱ्या यादीत नव्हत्या. जे यादीत नाही त्याला हरकत घेता येत नाही, हे तीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला कुणी शिकवायला नको.

आणि खरं सांगायचं तर त्या वाचनाइतकं चांगलं औषध त्या खोलीत दुसरं नव्हतं. "१२ जून. चिरंजीवांनी शाळेत जाताना एक बूट माझा व एक आपला घातला. संध्याकाळपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही. चिरंजीवांच्याही नाही." बटण हसून हसून उशीवर लोळायची. पान संपलं की ऑडिटबाई वही दोन्ही हातांनी फट्कन मिटत. ती त्यांची जुनी सवय, फाईल बंद झाल्याची खूण. दोन दिवसांत बटण म्हणाली, "फट् मी करणार." मग रोज शेवटी वही तिच्या मांडीवर यायची, ती दोन्ही इवल्या हातांनी, तोंडासमोर धरून, सगळा जोर लावून मिटायची. फट्! उन्हाच्या तिरिपेत बारीक कण तरंगायचे. "आजी, बाबाची धूळ!" ती म्हणायची, आणि फुंकर मारायची.

२१ नोव्हेंबरला ताप आला. १०१.६. पांढऱ्या पेशी जवळजवळ नाहीत. लगेच भारी अँटिबायोटिक सुरू झालं. पाच दिवस झाले, ताप हलेना. बटणला खोकला लागला, छातीत दुखतं म्हणू लागली. सहाव्या दिवशी सीटी स्कॅन झाला, आणि डॉक्टरीणबाईंनी तिघांना टेबलापाशी बसवलं.

"फुफ्फुसात दोन गाठींसारखे डाग आहेत. रक्ताची तपासणीही त्याच दिशेला जातेय. बुरशी आहे."

"बुरशी?" मुलगा म्हणाला. "पावावर येते ती?"

"त्याच गोतावळ्यातली. हवेत तिचे बीजाणू असतात, आपण सगळे रोज श्वासातून घेतो. आपल्याला काही होत नाही. हिच्याकडे आत्ता लढायला कुणी नाही. बुरशीचं औषध आज सुरू करतोय, पण केमो थांबवावी लागेल."

"किती दिवस?" सुनेने विचारलं.

"ताप उतरून डाग आवरेपर्यंत. पुढच्या टप्प्यात बुरशीच्या गोळ्या द्यायच्या आहेत, त्या आणि केमोतलं एक औषध यांचं पटत नाही. ते सांभाळून बेत आखावा लागतो. घाई केली तर बुरशी मारेल. उशीर केला तर कॅन्सर परत डोकं काढेल. मी खोटं सांगत नाही, पुढचे दोन आठवडे कठीण आहेत."

सून टेबलाची कड धरून बसली होती. मुलगा उगाचच स्कॅनचा लिफाफा उलटसुलट करत होता. ऑडिटबाईंनी एकच प्रश्न विचारला, "आली कुठून?"

"ते शोधणं अवघड असतं, आजी."

अवघड! तीस वर्षं ज्या बाईने लोकांच्या अर्जातून न लिहिलेल्या गोष्टी शोधून काढल्या, तिला अवघड सांगतात. त्याच दुपारी त्या अर्ज लिहायला बसल्या, आणि २७ नोव्हेंबरला सकाळी तो अधीक्षकांच्या टेबलावर होता. चार पानं, दोन जोडपत्रं, अक्षर मोत्यासारखं. मुद्दा एक : कोरडा झाडू, तारीख, वेळ, साक्षीदार स्वतः. मुद्दा दोन : उद्धटपणा. मुद्दा तीन : भिंतीचं काम. मुद्दा चार : खोलीतील प्रत्येक वस्तूची शास्त्रीय तपासणी करण्यात यावी, "कोणतीही वस्तू न वगळता".

इस्पितळाने तत्परता दाखवली. भिंतीचं काम थांबवायला समितीची बैठक लागते, समितीच्या बैठकीला अध्यक्ष लागतात, आणि अध्यक्ष परदेशी होते. मावशींना हलवायला एक फोन पुरला. तासाभरात त्यांची रवानगी तळघरातल्या लाँड्रीत झाली. जाताना त्या बटणच्या दाराशी थांबल्या. आत आल्या नाहीत.

"येते गं बटणराणी. लवकर बरी हो."

"कुठे चाललीस?"

"धुण्यात चाललेय. तुझ्या आजीने बढती दिली."

ऑडिटबाईंनी हे लिहिलं नाही. त्या बटणच्या पिवळ्या सलाईनकडे बघत होत्या. ते बुरशीचं औषध. ते सुरू झालं की अर्ध्या तासात पोरीला हुडहुडी भरे. दात वाजत, पलंगाचा कठडा खडखडे. दोन पांघरुणं, वर आजीचे दोन हात, तरी थांबत नसे.

"आजी, मी फोन झालेय," दातांवर दात आपटत बटण म्हणाली. "व्हायब्रेटवर आहे."

"मग उचलू का?"

"नको. राँग नंबर आहे."

दुसऱ्या दिवशी जंतुसंसर्ग रोखणाऱ्या खात्याची सिस्टर आली. तरुण, चष्मेवाली, हातात काचेच्या चपट्या वाट्यांचा डबा. मुद्दा चारप्रमाणे तपासणी. तिने एसीच्या जाळीखाली वाटी धरली, खिडकीच्या कडेला कापूस फिरवला, पडदा झटकला, पुसण्याचं पोतं घेतलं. ऑडिटबाई मागे वही घेऊन उभ्या.

"पलंगाचे पाय राहिले."

"घेते, आजी."

"टेबलाचा खण."

"घेते."

"ती पिशवी. माझी आहे, पण घ्या. उद्या कुणी म्हणायला नको, स्वतःचं तेवढं सोडलं."

सिस्टरने पिशवीतली वरची डायरी काढली, उघडली, आणि वाटीवर धरून फट्कन मिटली. बटण पलंगावरून ओरडली, "ए, ते माझं काम आहे!"

सिस्टरचा हात थांबला. तिने बटणकडे पाहिलं, मग डायरीकडे, मग पिशवीत वाकून एकदा हुंगलं. सहाही डायऱ्या जाड प्लास्टिकमध्ये घालून चिकटपट्टी लावली आणि म्हणाली, "या मी घेऊन जाते. वाटीत काही उगवायला चारेक दिवस लागतात."

त्या चार दिवसांत ऑडिटबाईंनी तापमान दर तासाला लिहिलं. १०२. १०१.८. १०२.२. इतर काहीही लिहिलं नाही. त्या चार पानांवर दूध उतू गेलं की नाही ते कुणालाही कधी कळणार नाही.

२ डिसेंबरला सिस्टरने त्यांना आपल्या छोट्या खोलीत बोलावलं. टेबलावर वाट्या ओळीने मांडल्या होत्या, प्रत्येकीवर चिठ्ठी. एसी : दोन ठिपके. खिडकी : पाच. पुसण्याचं पोतं : काहीच नाही. मावशींचं पोतं तपासलेल्या सगळ्या वस्तूंत सर्वांत स्वच्छ निघालं, हे सिस्टरने दोनदा सांगितलं. शेवटच्या वाटीत तळ दिसत नव्हता. काठापासून काठापर्यंत हिरवट-राखाडी मखमल पसरली होती, कडेला पांढरी झालर. दिसायला सुंदर होती. टोपीवर लावावी अशी.

"ही माझी," ऑडिटबाई म्हणाल्या. चिठ्ठी त्यांनी वाचली नव्हती.

"हो."

"तिच्या छातीतली हीच?"

"जात तीच आहे. पण आजी, ही जात सगळीकडे असते. खाली भिंत फुटतेय, तिथेही आहे. मी तिथली हवापण तपासली. तिच्या छातीत गेलेली नेमकी कुठून गेली, ते मी सांगू शकत नाही. कुणीच छातीठोक सांगणार नाही."

"म्हणजे पुरावा नाही."

"नाही."

पुरावा नाही : दावा परत. तीस वर्षांत हजारो वेळा त्यांनी हा शेरा मारला होता. हा शेरा आता त्यांच्याच फायद्याचा होता. खाली भिंत होती, दात्यांची पाटी होती, झाडू होता. बोट दाखवायला जागाच जागा. त्यांनी वाटी स्वतःकडे ओढून घेतली. मग म्हणाल्या, "सिस्टर, ती वही ती तोंडासमोर धरून मिटायची. रोज. मीच द्यायचे हातात."

सिस्टरने वाटीवर झाकण ठेवलं. "तुमच्या अर्जात मुद्दा चार नसता तर ही पिशवी अजून तिथेच असती," ती म्हणाली. सांत्वन म्हणून ते फार काही बरं नव्हतं, पण होतं ते तेवढंच.

सुनेला सांगायचं राहिलं होतं. ती चारला पाळीवर आली तशी ऑडिटबाईंनी तिला कॉरिडॉरमधल्या बाकावर बसवलं आणि सगळं सांगितलं. क्रमाने, तारखांसकट, कारण त्यांना दुसऱ्या रीतीने काही सांगताच येत नसे. माळा, टाकी, कोरडं फडकं, वाटी.

सून खांद्यावरची पिशवी उतरवून मांडीवर घेऊन बसली. मग म्हणाली, "मी साधी वेणीची रिबीन आणली तर तुम्ही ती उकळून घ्यायला लावलीत, आई."

"हो."

"माझ्या बहिणीला दारातून परत पाठवलंत. शिंकली म्हणून. ती उन्हाने शिंकली होती."

"हो."

"आणि तुम्ही..." तिचा आवाज चढला आणि मध्येच फुटला. दोन मिनिटं ती ओंजळीत तोंड घालून रडली. यादीतल्या नियमापेक्षा मोठ्याने. ऑडिटबाईंनी आपला रुमाल पुढे केला. मग सून नाक पुसत म्हणाली, "ती मला रोज संध्याकाळी त्याच गोष्टी सांगायची. एक बूट आईचा, एक आपला. मीच म्हणत होते, आजीला म्हणावं, उद्या अजून वाच."

"तुला काय माहीत होतं?"

"तुम्हाला तरी काय माहीत होतं?" सून उठली. "पण मला आत्ता तुमच्याशी बोलायचं नाहीये. उद्या आठला या. उशीर करू नका."

त्या कधी उशिरा आल्या होत्या? पण हे बोलून दाखवण्याची ती वेळ नव्हती, आणि आयुष्यात पहिल्यांदाच ऑडिटबाईंना ते कळलं.

दुसऱ्या दिवशी अधीक्षकांच्या टेबलावर दुसरा अर्ज गेला. अर्धं पान. मुद्दा एक आणि दोन मागे घेण्यात येत आहेत, कारण ते चुकीचे होते. मुद्दा तीन कायम आहे, आणि भिंत थांबेपर्यंत दर सोमवारी स्मरणपत्र येत राहील. अधीक्षकांनी त्यांच्या अक्षराची आधीच धास्ती घेतली होती. आठ दिवसांत अध्यक्ष परदेशातूनच फोनवर सापडले, आणि अर्धी भिंत आणि अर्धी पाटी यांवर ताडपत्री पडली. उदार गृहस्थांच्या नावातली पहिली तीन अक्षरं तेवढी बाहेर राहिली.

अर्ज देऊन ऑडिटबाई तळघरात उतरल्या. वाफ, साबणाचा वास, गरगरणारी यंत्रं. मावशी एका खुर्चीत बसून उशांचे अभ्रे घडी करत होत्या.

"मावशी, माझं चुकलं. वास माझ्याच पिशवीला होता. तुम्हाला परत वर बोलावलंय."

मावशींनी हातातली घडी पूर्ण केली. "आजी, तेवीस वर्षांत पहिल्यांदा बसून काम मिळालं होतं. इथे खुर्ची आहे, बघताय ना? तेवढंही तुमच्याच्याने बघवेना?"

"खुर्ची वर नेऊया."

"तुम्ही उचलणार?"

"एक बाजू उचलेन."

"राहू द्या. पडलात तर माझ्यावर अजून एक अर्ज." मावशी उठल्या. जिन्यात मध्येच थांबून त्यांनी विचारलं, "पोरगी कशी आहे?" आणि ऑडिटबाईंनी नुसता आकडा सांगितला, १०१.४. मावशींनी त्यांच्या कोपराला धरलं आणि उरलेल्या पायऱ्या दोघी तशाच चढल्या.

त्या सहा डायऱ्या जाळायच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत गेल्या. घरची ट्रंक राहिली होती. बटण कधी घरी यायची झाली, तर ती येण्यापूर्वी माळा, ट्रंक, टाकीखालची भिंत, सगळं साफ व्हायला हवं होतं. मुलगा नाकातोंडाला मास्क बांधून माळ्यावर चढला. या डायऱ्यांतली एकही ओळ वाचायची इच्छा त्याने जन्मात दाखवली नव्हती. तो वरून म्हणाला, "आई, सगळ्या?"

"सगळ्या."

"एखादी तरी प्लास्टिकमध्ये गुंडाळून..."

"तू परीक्षेत नापास झालेला निकाल खिडकीतून फेकलास तेही त्यातच आहे. काढ सगळ्या."

वरून पहिला गठ्ठा खाली आला.

ताप ५ डिसेंबरला शंभराच्या खाली आला आणि ७ ला उतरला. पांढऱ्या पेशी एकेक करून परत येऊ लागल्या. रजेवरून परतणाऱ्या कारकुनांसारख्या, आळसावत. १३ तारखेच्या स्कॅनमध्ये एक डाग निम्मा झाला होता, दुसरा अंधूक. "गेली नाही, पण हटली आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बुरशीचं औषध कित्येक महिने चालणार. केमो सोमवारी सुरू करू. उशीर झालाय. किती नडेल ते आज नाही सांगता येणार."

सोमवारी, १५ डिसेंबरला, सकाळी दहाला केमोची बाटली लागली. मावशींनी ओलं पोतं फिरवलं, आणि फिरवताना ऑडिटबाईंना पाय उचलायला लावले. एरवी त्या कुणाच्या सांगण्यावरून पाय उचलणाऱ्यातल्या नव्हत्या.

"आजी," बटण म्हणाली. डोक्यावर आता केस नव्हते. कान मोठे दिसत होते. "बाबाने आज काय केलं?"

ऑडिटबाईंचे हात सवयीने पायाशी गेले आणि रिकामे वर आले. त्यांनी आठवायचा प्रयत्न केला. पन्नास वर्षं सगळं कागदावर ठेवलं होतं, म्हणून डोक्यात काहीच ठेवलं नव्हतं. बूट आठवला, पण तो सांगून झाला होता.

"आज... आज तुझ्या बाबाने शाळेत बकरी नेली."

"कुणाची?"

"कुणाची म्हणजे... शेजाऱ्यांची. दप्तराच्या दोरीने बांधून. मुख्याध्यापकांनी हजेरी घेतली, तर बकरी म्हणाली, हजर."

बटणने डोळे बारीक केले. "आजी, हे वहीतलं आहे की मनातलं?"

एकाहत्तर वर्षांच्या बाईच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "मनातलं."

बटण उशीवर मागे टेकली आणि सलाईनचा हात नीट पोटावर ठेवून घेतला. "मग बकरीने पुढे काय केलं ते सांग. पटकन नको संपवू."

ते चारपर्यंत चाललं. बकरी पाचवीपर्यंत शिकली. चारला सून आली, तिने दारात उभं राहून शेवटचा भाग ऐकला आणि दारातूनच म्हणाली, "आई, ही बकरी गणितात पास झाली का?" तेरा दिवसांत कामाशिवाय ती त्यांच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

"काठावर," ऑडिटबाई म्हणाल्या, आणि बस गाठायला निघाल्या.

१५ डिसेंबर, सोमवार. केमो सुरू १०.०५. ताप नाही. स्वयंपाकघरातला बल्ब गेला. घरात नवा नव्हता, म्हणून इमारतीच्या जिन्यातला काढून लावला. चूक माझी.